ईश्वराचें वचन आणि दुष्काळांतील विश्वास

(अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगांव, जिल्हा पुणें, येथें जमलेल्या व्यापारी, बागाइतदार व इतर आश्रयदाते यांच्या सभेपुढें केलेलें भाषण. पुष्कळांच्या इच्छेवरून तें या अहवालाच्या आरंभीं छापिलें आहे.)



दुष्काळ-निवारणाच्या सभेंत धान्य किती जमलें, चारा कोठें पोंचला, पैसा कसा खर्च झाला, हें ऐकण्याचा आपला हक्क आहे. तो हिशेब अहवालांत पुढें दिला आहे. तो आपण बारकाईनें पाहावा. तत्पूर्वीं थोडा वेळ आम्हीं निराळ्या विषयावर बोलावें, अशी मंडळीची इच्छा आहे. आमच्या मंडळींत अनेक धर्मांचे लोक आहेत; आम्ही जे कांहीं ख्रिस्ती आहों, त्यांना आपण स्नेहभावानें एक प्रश्न विचारीत असतां. तुम्ही लोक आपल्या शास्त्रास एवढें मोल कां देतां? आणि डोळ्यांदेखत शेतें करपलीं, गुरें बाजारांत मातीमोल विकलीं, तरी देव आपल्या शब्दास जागतो असें म्हणण्याचें धैर्य तुम्हांस कोठून येतें? प्रश्न रास्त आहे. भरल्या कोठारापाशीं बसून देवाच्या सत्यतेविषयीं बोलणें सोपें आहे. त्या बोलण्याची खरी पारख दुष्काळांतच होते. म्हणून आम्ही उत्तरही दुष्काळांतच शोधणार आहों.

आपणांपैकीं ज्यांच्या घरीं तीन-चार पिढ्यांचा व्यापार आहे, त्यांनीं पणजोबांच्या काळच्या हुंड्यांविषयीं ऐकिलें असेल. एक वीतभर कागद, त्यावर दोन-चार ओळी. रद्दीच्या भावानें विकावयास नेला तर कोणी कवडी देणार नाहीं. परंतु पुण्याच्या सावकारानें लिहिलेली हुंडी काशीच्या पेढीवर दाखविली म्हणजे तेथें रोख रुपये मोजून मिळत. यात्रेकरू ती पदरीं बांधून चोरांच्या मुलुखांतून निर्धास्त जाई. हुंडीची किंमत कागदांत नव्हती, शाईंतही नव्हती. ती लिहिणाऱ्या पेढीच्या पतींत होती. हल्लींच्या धनादेशासही तोच नियम लागू आहे.

आम्हां ख्रिस्ती लोकांस बायबल हें या जातीचें लिखित वाटतें. त्यांत ईश्वरानें मनुष्यांस दिलेलीं वचनें आहेत, आणि त्यांची किंमत देणाऱ्याच्या पतीवर अवलंबून आहे. तेव्हां शास्त्रास मोल देणें म्हणजे पुस्तक रेशमी वस्त्रांत गुंडाळून फळीवर ठेवणें नव्हे. हुंडी कपाटांत जपून ठेवल्यानें कोणाची भूक भागली नाहीं. ती पेढीवर नेऊन दाखवावी लागते. आणखी एक गोष्ट व्यापारी लोक आमच्याहून चांगली जाणतात. हुंडी दर्शनी असे, तशी मुदतीही असे. मुदती हुंडी दाखवितांच पैसे मिळाले नाहींत, म्हणून शहाणा मनुष्य पेढी बुडाली अशी ओरड करीत नसे. तो मुदत भरण्याची वाट पाही. ईश्वराचीं कांहीं वचनें दर्शनी आहेत, कांहीं मुदती आहेत. कोणतें कोणत्या प्रकारचें, हें ओळखण्यांतच आमचें पुष्कळसें आयुष्य जातें.

पवित्र शब्दास प्राणापलीकडे जपणें ही कांहीं परक्या देशांतून आणलेली गोष्ट नव्हे. आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यांत आळें गांवीं ज्ञानदेवांनीं वेद बोलविलेल्या रेड्याची समाधि दाखवितात. ज्या लोकांनीं ती स्मृति इतकीं शतकें जतन केली, त्यांस वेदवाणीची थोरवी आम्हीं सांगावी असें नाहीं. देहू तर आपल्या जिल्ह्यांतीलच. इ. स. १६३० च्या सुमारास जो महादुष्काळ पडला, त्यांत तुकोबांचें दुकान बुडालें, त्यांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली. पुढें त्यांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत सोडून दिलीं, असें परंपरा सांगते. आणि त्याच इंद्रायणींत बुडविलेल्या अभंगांच्या वह्या मात्र तरल्या, असेंही तीच परंपरा सांगते. व्यापाऱ्याच्या कुळांत जन्मलेल्या त्या पुरुषानें कोणते कागद बुडूं द्यावयाचे व कोणते बुडाले तर प्राण पणास लावावयाचे, याचा निवाडा केला होता. शास्त्रास मोल देणें म्हणजे काय, तें या एका गोष्टींत आहे.

आतां आमच्या शास्त्राकडे पाहूं. पुष्कळांस असें वाटतें कीं, ज्या पुस्तकांत देवाच्या विश्वासूपणाची एवढी वाखाणणी आहे, तें सुखवस्तु लोकांनीं सुकाळांत लिहिलें असावें. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. बायबल हें दुष्काळ पाहिलेल्या लोकांचें पुस्तक आहे. अब्राहाम वचन मिळालेल्या देशांत येऊन पोंचला, आणि लवकरच दुष्काळामुळें त्यास मिसर देशीं जावें लागलें. याकोबाचे मुलगे रिकामीं पोतीं घेऊन धान्य विकत घेण्यास त्याच मिसरांत गेले. बेथलेहेम या नांवाचा अर्थ भाकरीचें घर असा आहे; परंतु नामी नांवाच्या बाईस त्या भाकरीच्या घरींही भाकरी मिळेना, म्हणून ती नवरा व मुलगे यांसह परमुलुखांत गेली, आणि तेथें तिघांसही गमावून रिकाम्या हातानें परत आली. यरुशलेम शहर शत्रूच्या वेढ्यांत उपाशी मेलें, तेव्हांच्या विलापगीतांत मुलें आयांपाशीं अन्न मागतांना ऐकूं येतात. आणि त्याच विलापगीतांच्या ऐन मध्यावर, राखेंत बसलेला तो कवि म्हणतो कीं ईश्वराची दया सरली नाहीं, ती दररोज सकाळीं नवी होते, त्याचें सत्यत्व थोर आहे. हबक्कूक नांवाचा भविष्यवादी तर अंजिरास फूल नाहीं, वेलास फळ नाहीं, गोठ्यांत गुरूं नाहीं, अशी संपूर्ण नुकसानीची यादी करतो, आणि यादीच्या शेवटीं, तरीही मी ईश्वराच्या ठायीं आनंद करीन, अशी आपली सही करतो.

सज्जनहो, अशा सहीस बाजारांत किंमत असते. ज्यानें तोटा सोसून शब्द पाळला त्याच्या साक्षीवर लोक विश्वास ठेवतात. आमचा विश्वास या साक्षीदारांवरून चालत आला आहे. भक्तास उपवास घडणारच नाहीं, असें वचन त्यांनीं आम्हांस सांगितलें नाहीं. उपवासांतही ईश्वर आपणांस सोडीत नाहीं, आणि अखेरचा हिशेब त्याच्याच हातीं आहे, इतकेंच त्यांनीं सांगितलें.

परंतु ही साक्ष दूरच्या देशांतील व दूरच्या काळांतील झाली. आपल्याच पुणें जिल्ह्यांत, दौंड तालुक्यांतील केडगांव येथें, या गोष्टीचा पुरावा लोकांनीं प्रत्यक्ष पाहिला. आमचा रोख पंडिता रमाबाईंकडे आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न. लोकमताची पर्वा न करितां त्यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें मुलीस. पुराणें सांगत, तीर्थें करीत हें कुटुंब देशभर फिरलें. लहानग्या रमेस भागवताचे हजारों श्लोक मुखोद्गत होते. म्हणजे शास्त्राचें मोल या घरीं कमी होतें असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. पुढें १८७४ ते १८७७ च्या दरम्यान मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. जवळचें सर्व विकून झालें, रानांतला पाला खाऊन दिवस काढले; आणि वडील, आई, थोरली बहीण अशीं एकामागून एक गेलीं. या घरांत विद्या होती, श्रद्धा होती. परंतु मोलमजुरी कशी करावी, हें कोणास ठाऊक नव्हतें, आणि करण्याची लाज वाटत होती. हें आपल्या घरच्यांविषयीं रमाबाईंनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. भुकेनें त्यांस जें शिकविलें तें त्या जन्मभर विसरल्या नाहींत.

उरलेलीं बहीणभाऊ पायीं चालत चालत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथें पंडितांनीं परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. भाऊ गेला, विवाह झाला, दोन वर्षें होतात न होतात तों पतिही गेले. आसामांत सिलचर येथें असतां त्यांच्या हातीं लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत आली होती. तें बीज हळूहळू रुजलें. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १८८९ सालीं मुंबईंत विधवांसाठीं शारदा सदन काढलें, व पुढल्या वर्षीं तें पुण्यास आणिलें. १८९३ सालीं पुण्यांत त्या सदनावरून मोठें वादळ उठलें, पालकांनीं पुष्कळ मुली काढून नेल्या, हेंही आम्ही लपवीत नाहीं. तो वाद येथें सोडविण्याचा आमचा अधिकार नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें त्यानंतरचें.

१८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतून बातम्या येऊं लागल्या कीं, अनाथ मुली व तरुण विधवा रस्त्यांवर मरत आहेत, आणि मरण्याहून वाईट अशा माणसांच्या हातीं पडत आहेत. रमाबाईंस वीस वर्षांपूर्वींचें आपलें वय आठवलें. पदरीं ठेव नव्हती. अमेरिकेंतील हितचिंतकांनीं शारदा सदनासाठीं दहा वर्षें मदत देण्याचें जें अभिवचन दिलें होतें, त्याची मुदतही सरत आली होती. हिशेबी माणसानें हात आखडता घ्यावा, अशीच वेळ होती. रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या, आणि त्या फेऱ्यांतून सुमारें ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. इतक्यांत पुण्यांत प्लेगची सांथ. एवढी माणसें शहरांत ठेवण्याची मनाई. तेव्हां केडगांवच्या माळावर फळझाडांसाठीं घेतलेल्या जमिनींत पालें व झोपड्या उभारून त्यांनीं संसार मांडला. तोच पुढें मुक्ति सदन या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि त्या ठिकाणीं तें कार्य आजही चालू आहे.

१८९९-१९०० चा दुष्काळ त्याहून भयंकर. या वेळीं गुजराथेंतूनही मुली आल्या. केडगांवीं सुमारें १,९०० माणसें व शंभरांहून अधिक गुरें, आणि आजूबाजूला विहिरी आटलेल्या. सदनाच्या विहिरींचें पाणी संध्याकाळपर्यंत तळाशीं जाई, आणि सकाळीं पुन्हा त्या दिवसापुरतें जमलेलें असे, असा त्या वर्षींचा अनुभव रमाबाईंनीं कळविला होता. भूगर्भशास्त्र जाणणारे म्हणतील, रात्रीं उपसा थांबला म्हणजे झरा भरतो. खरें आहे, आम्हांस तें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या बाईस प्रत्येक संध्याकाळीं विहिरीचा तळ दिसत होता, आणि १,९०० माणसांच्या उद्यांची चिंता वाहावयाची होती, तिला दररोज सकाळीं नवी होणारी दया हे शब्द कसे वाचतां आले असतील, याचा आपण विचार करावा. विलापगीतांतील ती हुंडी त्यांनीं दररोज नेऊन दाखविली.

आतां विश्वास म्हणजे हातपाय गाळून बसणें, असा जो गैरसमज आहे, त्याचें उत्तर याच माळावर मिळतें. रमाबाईंनीं प्रार्थना केली आणि विहिरीही खणविल्या. वडिलांचें घर कां उपाशी मेलें तें त्यांस ठाऊक होतें. म्हणून सदनांतील प्रत्येक मुलीस हाताचें काम आलेंच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष असे. शेती, विणकाम, स्वयंपाक, छापखाना, सर्व कांहीं मुलींच्या हातचें. आंधळ्यांस बोटांनीं वाचावयास शिकविलें, आणि त्यांसही उद्योग दिला. ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर यांचें चरित्र रमाबाईंनीं आस्थेनें वाचिलें होतें. त्या गृहस्थानें कोणापुढें हात न पसरतां, केवळ प्रार्थनेवर हजारों अनाथांस वाढविलें. आणि त्याच गृहस्थानें आल्यागेल्या पैशाचा हिशेब वर्षानुवर्षें छापून प्रसिद्ध केला. ईश्वरावर भरंवसा व चोख जमाखर्च यांत वैर नाहीं. वैर आहे तें भरंवसा व आळस यांत, आणि भरंवसा व लबाडी यांत.

याच बाईंनीं शास्त्रास कोणतें मोल दिलें, तेंही सांगूं. मराठींत बायबल तत्पूर्वींच होतें. बंगाल्यांतील सेरामपूर येथें विल्यम कॅरी व पंडित वैजनाथ यांच्या परिश्रमांनीं १८११ सालीं मराठी नवा करार निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं आपला १८२६ सालीं काढिला. आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठींत आलें. परंतु रमाबाईंस असें दिसलें कीं, तीं भाषांतरें पंडिती वळणाचीं असल्यामुळें, दुष्काळांतून आलेल्या व नुकतीं अक्षरें ओळखूं लागलेल्या मुलीस समजत नाहींत. जिच्यासाठीं वचन दिलें, तिलाच तें वाचतां येत नसेल, तर देणाऱ्याची इच्छा पुरी कशी व्हावी? म्हणून पन्नाशीच्या सुमारास ही संस्कृताची पंडिता पुन्हा विद्यार्थिनी झाली. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून मूळावरून साध्या मराठींत भाषांतर करण्यास त्यांनीं आरंभ केला, आणि सदनाचा सर्व व्याप संभाळून पंधराहून अधिक वर्षें तें काम चालविलें. खिळे जुळविणें व छापणें हें सदनांतील स्त्रियांनींच केलें. ज्यांस एकेकाळीं कोणी एक भाकरी देईना, त्यांच्या बोटांनीं बायबलाचें एकेक अक्षर उचलून ओळींत बसविलें.

१९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा गेली. जिच्या हातीं पुढचें कार्य सोंपवावयाचें होतें, तीच आईच्या आधीं गेली. त्या शोकांत त्यांनीं मुद्रितें तपासण्याचें काम सोडिलें नाहीं. तें पुरें झाल्यावर थोड्याच दिवसांनीं, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं तो बांधलेला पाहिला नाहीं. मुदती हुंडी ती हीच.

येथें एक अवघड गोष्ट आम्हीं टाळूं नये. कोणी म्हणेल, रमाबाईंस ईश्वरानें राखिलें, हें ठीक. पण त्यांच्या आईबापांचें काय? केडगांवापर्यंत न पोंचलेल्या हजारोंचें काय? तेही देवाचेंच नांव घेत होते. या प्रश्नास आमच्यापाशीं झटपट उत्तर नाहीं, आणि जो झटपट उत्तर देईल त्यानें दुष्काळ पाहिलेला नाहीं असें आम्ही समजतों. आमच्या शास्त्रांतही ईयोबासारख्या नीतिमान पुरुषानें हाच प्रश्न मोठ्यानें विचारिला, आणि त्याचा राग ईश्वरानें ऐकून घेतला. ख्रिस्त स्वतः वधस्तंभावर टाकून दिल्यासारखा ओरडला. आम्ही इतकेंच म्हणूं शकतों कीं, ज्या ईश्वरावर आमचा विश्वास आहे, तो दुःखापासून दूर बसलेला धनी नव्हे. त्या मृतांचें खातें त्याच्या वहींत उघडें आहे. तें बुडीत म्हणून त्यानें काढून टाकिलेलें नाहीं. मात्र त्या प्रश्नाचा एक अर्धा भाग आमच्याकडेही येतो. ज्या वर्षीं लोक मेले, त्या वर्षीं देशांत धान्याचा दाणाच नव्हता, असें प्रत्येक वेळीं म्हणतां येत नाहीं. पुष्कळदां धान्य होतें, आणि तें विकत घेण्यास भुकेल्यांच्या हातीं पैसा नव्हता. वाहतूक होती, आणि पाठविणारे नव्हते. तेव्हां ईश्वरानें आपला शब्द पाळला नाहीं, असें म्हणण्यापूर्वीं, तो शब्द ज्यांच्या हातून पाळला जावयाचा होता त्यांनीं काय केलें, हेंही विचारिलें पाहिजे.

कारण शास्त्र जेथें वचन देतें, तेथेंच आज्ञाही देतें. योसेफास स्वप्नाचा अर्थ ईश्वरानें सांगितला, आणि म्हणून त्यानें सात वर्षें कोठारें भरलीं. नामी परत आली तेव्हां तिच्या विधवा सुनेनें बवाज नांवाच्या जमीनदाराच्या शेतांत सरवा वेंचिला. पिकाच्या कडा सोडाव्या, खालीं पडलेलीं कणसें गरिबांस व उपऱ्यांस राहूं द्यावीं, असा मोशेचा नियमच होता. बवाजानें तर कापणी करणाऱ्यांस सांगून मुद्दाम मूठमूठ कणसें टाकविलीं. आपल्या शेतांवरही सरवा वेंचणारणी येत. ज्या घराण्यांनीं त्यांस हांकून दिलें नाहीं, त्यांचीं नांवें गांवांत अजून निघतात. नव्या करारांत तर आमच्या मंडळीच्या कामाचा कित्ताच आहे. क्लौद्य कैसराच्या काळीं यहूदीयांत दुष्काळ पडला असतां अंत्युखियाच्या शिष्यांनीं प्रत्येकानें आपापल्या ऐपतीप्रमाणें मदत पाठविली. पुढें पौलानें यरुशलेमच्या गरिबांसाठीं दुसरी एक वर्गणी गोळा केली, ती पोंचविण्यास त्यानें एकट्यानें जाणें योग्य मानिलें नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेलीं माणसें बरोबर घेतलीं. एवढ्या मोठ्या रकमेविषयीं कोणी बोट दाखवूं नये, व ईश्वरापुढेंच नव्हे तर मनुष्यांपुढेंही व्यवहार चोख असावा, असें त्यानें कारण दिलें. आमच्या अहवालांत जमाखर्च छापण्याचा आधार हाच.

आतां आपल्या तालुक्याकडे वळूं. एकाच आंबेगांव तालुक्यांत पाऊस किती पंक्तिप्रपंच करतो, हें आपण जाणतां. पश्चिमेस भीमाशंकराच्या डोंगरांत तो धो धो कोसळतो. पूर्वेस लोणी-धामणीकडे आभाळाकडे पाहून मान दुखते. घोड नदीवर डिंभ्याचें धरण झालें, कालवे आले, आणि तालुक्याच्या पुष्कळ भागाचें रूप पालटलें; मंचरच्या बाजारांत माल मावेनासा झाला. त्या धरणाखालीं जुनें आंबेगांव व डोंगराकडील लोकांचीं शेतें गेलीं. कोणाचें तरी गेलें म्हणून कोणास तरी मिळालें, ही आठवण बागाइतदारानें ठेविली पाहिजे. आपल्यांतील वडील मंडळींस १९७२ सालही आठवतें: खडी फोडणाऱ्या बाया, सुकडीची रांग, परदेशचा मिलो. त्या सालीं सरकारी कामें निघालीं, त्यांतूनच पुढें रोजगार हमीचा कायदा झाला, आणि लोक तगले. परंतु कायदा आला म्हणून शेजाऱ्याचें कर्तव्य सरलें नाहीं. सरकारी टँकर येईपर्यंतचा आठवडा, चारा-छावणी उघडेपर्यंतचा महिना, पेरणीच्या बियाण्यासाठीं सावकाराकडे जाण्याच्या आधींची रात्र, या फटींत माणसें व जनावरें मरतात. आमची मंडळी त्या फटींत उभी राहूं पाहते.

आणखी एक शंका मनांत ठेवून कोणी घरीं जाऊं नये. दुष्काळांत अन्नाच्या मिषानें धर्म दिला जातो, असा आरोप आमच्या लोकांवर पूर्वीं झाला, आणि कोठें कोठें त्यास जागाही मिळाली असेल. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतों: या निधींतील दाणा घेणाऱ्यास त्याचा धर्म विचारिला जात नाहीं, जात विचारिली जात नाहीं, आणि देतांना कोणतेंही पुस्तक पुढें केलें जात नाहीं. आमच्या शास्त्राविषयीं आम्ही येथें बोललों तें आपण विचारिलें म्हणून. भुकेल्यापुढें तें शास्त्र आम्ही भाकरीच्या रूपानेंच नेतों. ज्या वचनास आपल्या पतीवर विश्वास आहे, त्यास कोणाच्या भुकेची निकड साधून गिऱ्हाईक मिळविण्याची गरज नसते.

आम्ही मागतों तें थोडक्यांत असें. ज्यांचें पीक घरीं आलें त्यांनीं कोठारांत ठेवण्यापूर्वीं सरव्याइतका वांटा निराळा काढावा. ज्यांच्या विहिरीस पाणी आहे त्यांनीं उन्हाळ्यांत एक पाळी शेजारच्या वस्तीसाठीं राखावी. व्यापाऱ्यांनीं टंचाईच्या महिन्यांत धान्य व पेंड खरेदीच्या भावानें मंडळीस द्यावी. तेवढा नफा सोडणें हीच त्यांची वर्गणी. ज्यांस रोख देणें सोईचें त्यांनीं पावती घेऊन द्यावें, आणि वर्षाअखेर हिशेब मागावा. आणि हें सर्व पाऊस दगा देण्याच्या आधीं. योसेफानें कोठारें सुकाळांत भरलीं होतीं.

सज्जनहो, आरंभीं आम्ही हुंडीविषयीं बोललों. आमच्या शास्त्राच्या नीतिवचनांत असा आशय आहे कीं, जो दरिद्र्यावर दया करतो तो ईश्वरास कर्ज देतो, आणि तें कर्ज ईश्वर फेडतो. व्यापाऱ्यास याहून भक्कम कूळ कोठें मिळणार? येत्या उन्हाळ्यांत लोणी-धामणीकडची एखादी बाई रिकामी पाटी घेऊन आपल्या दाराशीं उभी राहील. तिच्या हातीं कागद नसेल. तरी ती दर्शनी हुंडी आहे. लिहिणारा वर आहे, आणि ती आपल्या पेढीवर लिहिली आहे. रमाबाईंनीं अशा सुमारें १,९०० हुंड्या एका माळावर सकारल्या, आणि त्यांची पेढी बुडाली नाहीं. आपणही सकारावी, एवढीच आमची विनंती.

तो सत्यप्रतिज्ञ ईश्वर आपल्या शेतांवर वेळेवर पाऊस पाठवो, आपल्या कोठारांस बरकत देवो, आणि जेथें पाऊस पोंचत नाहीं तेथें आपले हात पोंचवो.